भट्टी पसरली, धूळ रोखणारे यंत्र मागे राहिले

रायपूरच्या उत्तरेला बीरगांव, उरला आणि सिलतरा या पट्ट्यात स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल दाटीने उभ्या आहेत. शेजारच्या भिलाईत 1959 साली सोव्हिएत मदतीने पहिली झोतभट्टी पेटली. परंतु बीरगांवच्या उद्योजकांना तिची नक्कल करणे शक्य नव्हते. झोतभट्टीला लागणारे भांडवल त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांना हवे तसे तंत्र तेव्हाच्या आंध्रातील, आताच्या तेलंगणातील पाल्वंचा येथे सापडले. तेथील स्पंज आयर्न इंडिया या सरकारी कंपनीने 1980 साली, वर्षाला 30 हजार टनांच्या प्रायोगिक कारखान्यात, देशी खनिज आणि कोकसाठी निरुपयोगी कोळसा यांपासून स्पंज आयर्न बनवता येते हे सिद्ध केले. फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंश तापमानाला लोह न वितळताच खनिजातला ऑक्सिजन निघून जातो. दिवसाला 50 किंवा 100 टनांची भट्टीही चालते. भंगाराच्या टंचाईने त्रासलेल्या इंडक्शन फर्नेसवाल्यांना हक्काचा कच्चा माल मिळाला. 1991 मध्ये पोलादावरचा परवाना उठला, पाठोपाठ मालवाहतूक समानीकरण (देशभर सारखेच वाहतूक भाडे) गेले आणि खाणीजवळ असण्याचा छत्तीसगडचा फायदा खरा ठरला. 2003 पासून भारत स्पंज आयर्नच्या उत्पादनात जगात पहिला आहे.

हे तंत्र इतक्या वेगाने का पसरले? अर्थतज्ज्ञ झ्वी ग्रिलिकिस यांनी 1957 मध्ये अमेरिकेतील संकरित मक्यावर आणि एडविन मॅन्सफिल्ड यांनी 1961 मध्ये कोळसा, पोलाद, रेल्वे व बिअर या उद्योगांवर केलेल्या अभ्यासांतून याचे उत्तर मिळते. नफा जितका जास्त, तितका प्रसार वेगवान. कारखान्याच्या ऐपतीच्या मानाने खर्च जितका मोठा, तितका तो संथ. बीरगांवात दोन्ही अटी भट्टीच्या बाजूने होत्या.

त्याच नियमाची दुसरी बाजू येथील रहिवासी श्वासावाटे भोगतात. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर बॉयलर चालवून वीज करता येते, उरलेला डोलोचार, म्हणजे अर्धवट जळालेला कोळसाही जाळता येतो. ही वीज विकता येते किंवा स्वतःच्या फर्नेसला वापरता येते, म्हणून मोठ्या कारखान्यांनी हे तंत्र स्वखुशीने घेतले. लहान भट्टीचा वायू मात्र बॉयलरला पुरत नाही. धूळ रोखणाऱ्या इएसपीची (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) तर विक्रीयोग्य कमाईच नाही. ती चालवायला उलट वीज लागते. तिचा लाभ कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीला मिळतो, म्हणूनच बाजार ती पसरवत नाही. नुसते यंत्र बसवल्याचा दाखला पुरेसा नाही. ते रात्रीही चालते की नाही, हे धुराड्यावरील मापकाच्या नोंदींतून लोकांना दिसले पाहिजे.

पुढचा टप्पा याहून कठीण आहे. केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. युरोपचा कार्बन सीमाकर 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला. कोळशाच्या भट्टीला 2.2 टनांच्या आत येणे अवघड आहे. जालन्यातील सळई कारखाने भंगाराचे प्रमाण वाढवून तेथवर सरकू शकतात; बीरगांवची गुंतवणूक फिरत्या भट्ट्यांमध्ये अडकलेली आहे. राज्य सरकारने लहान कारखान्यांना एकत्र आणून सामाईक वीजनिर्मितीसाठी स्वस्त कर्ज द्यावे, आणि जी भट्टी धूळ रोखू शकत नाही तिला बंद होण्याची मुदत ठरवून द्यावी. त्या मुदतीतच तेथील कामगारांचे पुढचे काम ठरलेले असावे.