ग्लास तिरका करू द्या



आजचा लेख कॉम्प्युटरच्या नळ्यांमध्ये अडकणाऱ्या बुडबुड्यांवर आहे. प्राथमिक शाळेतल्या बाई त्याबद्दल काय सांगणार, असं वाटेल. पण हा विषय माझ्या चौथीच्या वर्गातूनच निघालाय आणि त्यात चूक माझी आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचे धाकटे दीर लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतात. त्यांनी एक जुना पण दमदार कॉम्प्युटर घेतला, पाण्याने थंड होणारा. बहुतेकांच्या घरच्या कॉम्प्युटरला साधा पंखा पुरतो, आणि माझं मत विचाराल तर पंखाच बरा. पण यांचं मशीन सीझनमध्ये रात्र-रात्र व्हिडिओ तयार करत बसतं, प्रोसेसर तापतो, म्हणून ही व्यवस्था. गाडीच्या रेडिएटरसारखंच असतं. प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला, त्यातून पाणी फिरतं, उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे ती बाहेर टाकतात. एक छोटा पंप आणि एक पारदर्शक टाकी, बस. पाणी म्हणजे नळाचं नाही, त्यासाठी मिळणारं खास द्रव.

माझा एक जुना विद्यार्थी, आता तंत्रनिकेतनला आहे, तो संध्याकाळी दिरांकडे काम करतो. नळ्या पिवळ्या पडल्या होत्या म्हणून त्याने त्या बदलल्या आणि नवीन द्रव भरलं. दुसऱ्या दिवशी मशीनमधून गुळगुळ आवाज, प्रोसेसर तापलेला, आणि तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तासाभराच्या कामाला अर्धी रात्र लागायला लागली. दोन लग्नांचे व्हिडिओ द्यायचे बाकी. दीर चिडून मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या विद्यार्थ्यानं वाट लावली बघा मशीनची." त्यांनी त्याचे दोन दिवसांचे पैसेही कापले.

पोरगा रडवेला झाला होता. म्हणाला, "मॅडम, मी पंप फुल स्पीडनं रात्रभर चालू ठेवला. तरी बुडबुडे जाईनात."

टाकीत पाहिलं तर द्रव ताकासारखं पांढरट दिसत होतं. त्यात हजारो बारीक बुडबुडे फिरत होते. आमचे आप्पा, म्हणजे सासरे, बाजूलाच उभे होते. ते लगेच म्हणाले, "हवा धरलीय." शेतकरी माणूस. विहिरीवरची मोटार पाणी उचलत नसली की आधी तिच्यात पाणी भरून हवा काढतात, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. ठिबकच्या पाइपलाइनला सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह का बसवतात, तेही त्यांना माहीत. निदान बरोबर होतं. उपाय मात्र त्यांनी सांगितला तो चुकीचा: "अजून जोरात सोड, निघून जाईल."

थोडं विज्ञान सांगते, कारण पालकही वाचतात. एवढ्याशा हवेने एवढं काय बिघडतं? एक तर, सारख्याच आकारमानाचं पाणी आणि हवा घेतली तर तेवढंच तापताना पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं. म्हणजे तांब्याच्या ठोकळ्यात पाण्याऐवजी हवा अडकली तर तेवढी जागा जवळजवळ वाया गेली. दुसरं म्हणजे पंप. या छोट्या पंपाच्या बेअरिंगला वंगण कोण घालतं? ते फिरणारं द्रवच. पंप कोरडा चालला तर खराब होऊ शकतो. शिवाय तो पाणी ढकलू शकतो, हवेचा गोळा तोंडाशी आला की नुसताच फिरत बसतो. म्हणून टाकी पंपाच्या वर ठेवतात, पाणी आपल्या वजनानेच खाली पंपात उतरावं म्हणून.

आणि जोरात सोडून उपयोग का होत नाही? बुडबुडा जितका लहान, तितका तो हळू वर चढतो. अगदी बारीक बुडबुड्यांच्या बाबतीत आकार निम्मा झाला की चढण्याचा वेग चौथाईवर येतो. पंप जोरात चालला की मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात, आणि टाकीत आले तरी वर यायला त्यांना सवडच मिळत नाही, ओघाबरोबर परत पंपात जातात. रात्रभर त्या मुलाने हवा काढली नव्हती, घुसळली होती. जोराचा उपयोग असतो, पण तो कोपऱ्यात चिकटलेला मोठा बुडबुडा हलवायला, आणि तोही थोडाच वेळ. पुढे काम संथपणाचं.

मी त्याला विचारलं, "हवा कुठं अडकली असेल?"

त्याने हात वरच्या रेडिएटरवर ठेवला. "इथं, सगळ्यात वर. पण काढायची कशी?"

"ग्लासातली कशी निघते?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तिरका केल्यावर. तुम्ही ओरडला होतात."

मला आठवलं. आपण सगळेच करतो तो प्रयोग: ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा दाबायचा, ग्लास उपडा करून सरळ पाण्यात बुडवायचा, बाहेर काढायचा, कागद कोरडा. निष्कर्ष: हवा जागा व्यापते. या मुलाने तेव्हा ग्लास पाण्यातच तिरका केला होता. बुडुक करून मोठा बुडबुडा आला, कागद भिजला, वर्ग हसला. आणि मी म्हणाले होते, "सरळ धर म्हटलं ना! प्रयोग बिघडवलास." पुन्हा करायला लावला, नीट, सरळ, कोरडा.

खरं तर हवा जागा व्यापते याचा पुरावा त्या बुडबुड्यातच होता. ती आत होती, बाहेर पडताना दिसली आणि तिच्या जागी पाणी आलं. कोरड्या कागदावरून हवा आहे असा तर्क करावा लागतो. मी मात्र जे दिसत होतं ते चूक ठरवलं आणि तर्काला मार्क दिले.

तर मशीनचं पुढे काय केलं ते सांगते. कॉम्प्युटर पूर्ण बंद केला. फक्त पंपाला वीज मिळेल अशी जोडणी केली, त्यासाठी पॉवर सप्लायला लावायचा तयार प्लग मिळतो. बाकी भागांत वीज नाही, म्हणजे द्रव सांडलं तरी काही जळत नाही. (हे माहितगार माणसानेच करावं, मुलांनी एकट्याने नाही.) प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवले, थेंब गळला तर लगेच दिसतो. टाकीचं झाकण सैल केलं, हवेला बाहेर पडायला वाट हवी ना. टाकी बरीचशी भरलेली ठेवली, नाहीतर भोवरा होऊन पंप वरूनच नवीन हवा ओढतो. पंप सगळ्यात कमी वेगावर.

मग दोघांनी मिळून कॅबिनेट हळूहळू तिरकं केलं. रेडिएटरमधून पाणी बाहेर पडायची नळी जिकडे होती, ती बाजू वर येईल असं. पंपाचं तोंड पाण्याखाली राहील इतकंच. थोडा वेळ काही झालं नाही. आणि मग टाकीत बुडुक! तोच आवाज. पोरगा हसला. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, मध्येच पंप काही सेकंद जोरात, मग बंद, मग संथ.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: प्रत्येक बुडुकनंतर टाकीतली पातळी खाली जात होती. हवा जेवढी जागा अडवून बसली होती तेवढं द्रव आत गेलं. आम्ही ते मोजून भरलं, चहाचा पाऊण कप. "मॅडम, म्हणजे पाऊण कप हवा होती," तो म्हणाला. चौथीचं वाक्य सतराव्या वर्षी त्याच्या हातात आलं.

सगळे बुडबुडे त्या दिवशी गेले नाहीत. बारीक होते ते दोन-तीन दिवस संथ चालवल्यावर आपोआप टाकीत जमून फुटले. त्याची काळजी करायची नसते. आवाज गेला, तापमान खाली आलं.

पालकांसाठी एक उपयोगाची गोष्ट, विषय निघालाच आहे तर. हल्ली मुलांच्या हट्टाने सीलबंद वॉटर कूलर असलेले कॉम्प्युटर घेतले जातात. त्यात भरायची टाकी नसते, पण आत थोडी हवा असतेच, आणि वर्षानुवर्षं नळीतून थोडं द्रव झिरपून उडत जातं तशी ती वाढते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाते. त्यामुळे सगळ्यात उंच जागी पंप नको, रेडिएटरचा वरचा भाग हवा. दुकानदाराला एवढं नक्की विचारा.

आता मुद्द्याचं. आपले प्रयोग उत्तरापाशी थांबतात असं माझं म्हणणं आहे. कागद कोरडा राहिला, वाक्य वहीत लिहिलं, रिकामी जागा भरली, झालं. ज्या मुलाच्या हातून ग्लास कलतो त्याला आपण वेंधळा म्हणतो. मी स्वतः म्हटलंय. एका सहकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, प्रत्येकाला ग्लास तिरका करू दिला तर तासिका पुरायची कशी?" प्रश्न खरा आहे. यंदा मी करू दिला तर एका तासिकेच्या दोन झाल्या, दोन वह्या भिजल्या आणि एका आईची तक्रार आली. तरी मी पुढच्या वर्षी हेच करणार, कारण 'हवा जागा व्यापते' हे वाक्य पाठ असलेला मुलगा हवेसमोर रात्रभर हतबल बसलेला मी पाहिलाय.

साहित्य महाग नाही. गवंडीकाम करणाऱ्यांकडे लेव्हलची लांब पारदर्शक नळी असते, ती एका पालकांकडून मागून आणली. आनंददायी शनिवारी मैदानावर नळीत पाणी भरलं, मुद्दाम मधे हवा राहू दिली आणि मुलांना म्हटलं, काढून दाखवा. कोणी फुंकलं, कोणी नळी पिळली, कोणी गरगर फिरवली. बराच वेळ गोंधळ. मग दोघींनी नळीचा बुडबुड्याचा भाग उचलून हळूहळू टोकाकडे उंच करत नेला. ज्यांची नळी होती त्यांची मुलगी शांतपणे म्हणाली, "बुडबुडा असला तर बाबा लेव्हल घेतच नाहीत. दोन्हीकडचं पाणी खोटं दाखवतं." मला हे डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

दिरांना मी कापलेल्या पैशांबद्दल बोलले. म्हटलं, "भाऊजी, चूक अर्धी माझी आहे, अर्धे माझ्याकडून घ्या." ते हसले, म्हणाले बघू. एका दिवसाचे दिलेत. दुसऱ्या दिवसाचे राहिलेत, मी आठवण करून देतेय.