उन्हाचा हिशेब

भर दुपारी पत्र्याला हात लागला की चटका बसतो आणि ऊन कडक आहे एवढे कळते. पण कडक म्हणजे किती? नुसता तापमापक उन्हात ठेवून हे उत्तर मिळत नाही. विहिरीत किती पाणी उभे आहे ते मोजले, म्हणून झरा तासाला किती पाणी देतो ते कळत नाही. तसेच हे आहे. मोजायची असते ती आवक.

ही आवक १८३७-३८ साली पॅरिसचे भौतिकशास्त्रज्ञ क्लोद पुइये यांनी मोजली. साधन अगदी साधे. चांदीची चपटी डबी, तिच्यात पाणी आणि पाण्यात तापमापक. सूर्याकडची बाजू काजळीने काळी केलेली, कारण काळा रंग ऊन शोषून घेतो. डबी पाच मिनिटे उन्हात धरायची आणि पाणी किती तापले ते पाहायचे.

पण तापणारी वस्तू त्याच वेळी थोडी निवतही असते. ही गळती धरली नाही तर हिशेब खोटा. म्हणून पुइये आधी पाच मिनिटे व नंतर पाच मिनिटे डबी सावलीत ठेवून फरक टिपत. शिवाय सूर्य कलला की किरणांना हवेतून जास्त वाट काटावी लागते. निरनिराळ्या वेळी मोजून हवेत किती उष्णता अडते तेही त्यांनी काढले.

उत्तर आले: हवेच्या वर, एका चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला १.७६ कॅलरी. म्हणजे एक ग्रॅम पाणी १.७६ अंशांनी तापेल एवढी उष्णता. वर्षभराच्या उष्णतेने साऱ्या पृथ्वीवरचा सुमारे ३१ मीटर जाडीचा बर्फ वितळेल, असे त्यांनी मांडले.

पुढे १८८१ साली अमेरिकेचे सॅम्युअल लँग्ली फार नाजूक उपकरण घेऊन कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनी पर्वतावर गेले. त्यांचा आकडा निघाला ३. उपग्रहांनी मोजलेला आजचा आकडा आहे सुमारे १.९५. म्हणजे पुइये दहाव्या हिश्शाने कमी पडले, तर लँग्ली दीडपटीवर गेले. त्यांचे उपकरण चांगलेच होते. हवेत अडणारी उष्णता त्यांनी जास्त धरली.

आज शेतात सौरपंप बसवतानाही ऊन किती पडते, हा प्रश्न आधी येतो. आवक मोजणे त्या मानाने सोपे. गळती नेमकी धरणे अवघड. घरच्या वहीत तरी वेगळे काय असते?