सर्व्हर बसलेला नव्हता

सोमवारी सकाळी जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेच्या काउंटरपुढे आम्ही रांगेत उभे होतो. आतल्या पडद्यावर एकच निरोप येत होता: डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) सापडत नाही. ‘सर्व्हर बसला’ असे कुणीतरी म्हणाले आणि सर्व्हर दोनदा बंद-चालू झाला. शेजारच्या टेबलावर मात्र लॉगिन झाले होते, त्यामुळे घोळ आणखी वाढला. विंडोज आधीचे लॉगिन जपून ठेवते, म्हणून तेवढे चालते. सामायिक फोल्डर उघडायला गेले की तिथेही अडते. रांगेतल्या एक आजी शेवगावची गाडी चुकेल म्हणून पैसे न काढताच निघून गेल्या. दुपारी नगरहून माणूस आला. त्याने सर्व्हरला हातही लावला नाही. काउंटरच्या संगणकात डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ होते, तिथे सर्व्हरचा पत्ता भरला आणि पासबुके छापली जाऊ लागली. शनिवारी नवा राउटर बसवला होता; त्यानेच हा आकडा सगळ्या संगणकांना वाटला होता.

८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस. जगभरच्या वेबसाइटचे पत्ते तो सांगेल, पण आपल्या मागच्या खोलीतला सर्व्हर त्याला कुठून ठाऊक असणार? पाथर्डीतल्या घराचा पत्ता दादर स्टेशनवर विचारावा, तसे हे. विंडोज २००० पासून डोमेन कंट्रोलरची वाट डीएनएसच्या नोंदींतून जाते. म्हणून इंटरनेट धडधडीत चालू असते आणि घरचाच सर्व्हर सापडत नाही. ‘दुसरा डीएनएस म्हणून राहू द्या’ ही सवयही मोडायला हवी; संगणक त्याच्याकडे कधी वळेल याचा नेम नाही. बाहेरचे पत्ते हवेत तर सर्व्हरच्याच डीएनएसमध्ये फॉरवर्डर नोंदवावा.

तपासणी दोन मिनिटांची आहे. विंडोजच्या एनएलटेस्ट या आज्ञेला डोमेनचे नाव देऊन विचारावे; १३५५ ही त्रुटी आली तर आधी डीएनएस पाहावा. वीज जाऊन आल्यानंतरचा घोटाळा वेगळा. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला की घड्याळ चुकते, आणि पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सर्व्हर सापडूनही कर्बेरॉस ही विंडोजची ओळख-तपासणी लॉगिन नाकारते.

२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पाट्या आणि शिक्के बदलले. डोमेनच्या नावात ‘नगर’ असेल तर ते खुशाल राहू द्यावे. ते सभासदाला दिसत नाही. बदलायला गेले तर एकेक संगणक दोनदा बंद-चालू करावा लागतो आणि एखादी सेवा जुन्या नावालाच चिकटून राहते.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लाखोंच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत सर्व्हरचा पत्ता कुठेही लिहिलेला नसतो. तो नगरच्या त्या एका मुलाला तोंडपाठ असतो. संचालक मंडळाने पुढच्या देखभाल करारातच अट घालावी: सर्व्हरचा पत्ता, डीएनएस, राउटरची सेटिंग एका वहीत, आणि वही व्यवस्थापकाच्या कपाटात. राउटर बदलला की त्याच दिवशी नोंद, आणि एका संगणकावर लॉगिन करून पाहिल्याशिवाय बिलावर सही नाही.