मुद्रकाचे नाव नसलेला मजकूर

निवडणुकीतले एखादे जुने हस्तपत्रक हाती लागले तर मजकुराआधी त्याचा तळ पाहावा. तेथे अगदी बारीक टंकात दोन नावे असतात: मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९६१ साली घातलेल्या कलम १२७-क ने ती सक्तीची केली. प्रकाशकाने आपल्या ओळखीबद्दल सही करून निवेदन द्यायचे, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित करायचे आणि छपाईनंतर पत्रकाच्या प्रतीसह ते अधिकाऱ्याकडे रवाना व्हायचे. गंमत अशी की त्याच १९६१ साली वेन बूथ यांच्या ग्रंथातून 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना समीक्षेत रूढ होऊ लागली, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत रोलां बार्थ यांनी लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. आपण वर्गात उत्साहाने शिकवतो की संहिता लेखकाविना वाचावी. निवडणूक कायदा मात्र म्हणतो, लेखक सापडला पाहिजे, शक्य तर पत्त्यासह.

समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींबद्दल जी चर्चा चालते ती बहुतेक 'खरे की खोटे' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्या आधीचे दोन प्रश्न दिसायला हवेत असे मला वाटते: हे कोण बोलते आहे, आणि ते आणखी कोणी वाचले आहे?

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतले आहे. राजकारण्यांची विधाने तथ्यपडताळणीसाठी पाठवायची नाहीत, मग ती पैसे देऊन केलेली जाहिरात का असेना, हे आपले धोरण फेसबुकने २०१९ च्या सप्टेंबरात उघडपणे मांडले. पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेची जो बायडेन आणि युक्रेन यांविषयीची जाहिरात सी.एन.एन.ने नाकारली; फेसबुकने ती काढण्यास नकार दिला. तेव्हा एलिझाबेथ वॉरेन यांनी जे केले त्याला मी तरी समीक्षाच म्हणेन. त्यांनी फेसबुकवर पैसे भरून जाहिरात दिली की मार्क झकरबर्ग यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला आहे. आणि त्याच जाहिरातीत पुढे कबुली दिली की हे खरे नाही, पण असे खोटे येथे पैसे देऊन छापता येते. आपल्या अविश्वसनीयतेची स्वतःच ग्वाही देणारा हा निवेदक बूथ यांनाही आवडला असता. प्रहसनाचा पुढचा अंक त्याच महिन्यात झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्रचारव्यावसायिकाने खोट्या जाहिराती देण्याची मुभा मिळावी म्हणून कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदासाठी उमेदवारी नोंदवली. कंपनीने त्याला ती मुभा नाकारली, कारण त्याचा हेतू खरा नव्हता! म्हणजे विधान तेच. वक्ता कोण यावर त्याची तपासणी ठरणार. ज्याच्या शब्दाचे परिणाम सर्वांत दूरवर जातात त्यालाच तपासणीतून सूट, हा न्याय मला उलटा वाटतो. राजकारण्याचे बोलणे जनतेने स्वतः पारखावे, हा कंपनीचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. सत्तेचे खरे-खोटे एखाद्या खाजगी कंपनीने ठरवावे असे मलाही वाटत नाही. पण पारखायचे तर मजकूर सर्वांसमोर हवा.

आणि येथे दुसरा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी सार्वमत झाले. 'व्होट लीव्ह' या प्रचारसंस्थेच्या फेसबुकवरील जाहिराती संसदीय समितीने प्रसिद्ध केल्या त्या जुलै २०१८ मध्ये, मतदानानंतर दोन वर्षांनी. तेव्हा कळले की कोणाला हिमअस्वलांची काळजी दाखवली होती, कोणाला बैलांच्या झुंजी, कोणाला आपला चहा धोक्यात असल्याचे सांगितले होते, तर कोणाला तुर्कस्तानची सात कोटी साठ लाख माणसे संघात येत असल्याचे. तुर्कस्तानच्या प्रवेशाच्या वाटाघाटी २००५ पासून चालू होत्या खऱ्या, पण २०१६ मध्ये त्या अडकून पडल्या होत्या. प्रवेशाला प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, ब्रिटनचीही. आणि तो देश आजही सदस्य नाही. पण हे कोणी, कोणाला सांगायचे? चहाची जाहिरात पाहणाऱ्याला तुर्कस्तानची जाहिरात अस्तित्वात असल्याचेच ठाऊक नव्हते. भिंतीवरचा खोटा मजकूर विरोधकही वाचतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारी आपला मजकूर रंगवतो. समीक्षा असो वा सभेतला वाद, दोन्हींना एक सामाईक संहिता लागते. तीच नसेल तर वाद होणार कशावर? मला या प्रकारात असत्याइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, ही गुप्तता घातक वाटते.

आपल्याकडची स्थिती काय? दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन लागू झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशाने. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये समाजमाध्यमांनाही तोच नियम लावला. उमेदवाराने आपली खाती जाहीर करायची असतात, खर्चही दाखवायचा असतो. फेसबुकने २०१९ पासून भारतातील राजकीय जाहिरातींचे सार्वजनिक दालन उघडले आहे, आणि जाहिरातीखाली नाव द्यावे लागते. पण हे नाव पुष्कळदा एखाद्या पृष्ठाचेच असते. उमेदवाराचे नाही, पक्षाचे नाही, कोणा 'हितचिंतका'चे. त्याला व्यक्तिशः ओळखणारे दोन साक्षीदार कोठे आहेत? छापखानेवाल्याकडून १९६१ मध्ये आपण जे मागितले ते जगातल्या अतिश्रीमंत कंपन्यांकडून मागताना मात्र आचारसंहिता 'स्वेच्छेची' होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी या कंपन्यांनी आयोगाला सादर केलेल्या संहितेच्या शीर्षकातच तो शब्द आहे.

विद्यार्थी विचारतात, मग आम्ही काय वाचायचे? मी त्यांना त्या दालनात पाठवतो. एकच पृष्ठ, एकच आठवडा निवडा, सगळ्या जाहिराती एकाखाली एक लावा. कोणत्या जाहिरातीत 'आपण' आहे, कोणत्यात 'ते', आणि 'ते' म्हणजे कोण हे कोठे न सांगताच सोडले आहे, याची नोंद करा. सर्वनामांचा असा अभ्यास आपण कवितेत करतोच. ट्रम्प किंवा तुर्कस्तान शोधत बसू नका, आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा.

युरोपीय संघाने अशा जाहिरातींचा पुरस्कर्ता आणि लक्ष्यगट उघड करण्याची सक्ती करणारा नियम केला. तो ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. गूगल आणि मेटा या दोघांनीही त्यावर उपाय म्हणून तेथे राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. नाव छापण्यापेक्षा छापखाना बंद ठेवणे त्यांना परवडले.