कात्री मुलांच्या हातात द्या!

संपादक मंडळाने 'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' म्हटलं तेव्हा आधी हसूच आलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांच्याच नावावर घाला. पण विषयच असा आहे की गप्प बसवत नाही.

यंदाच्या एन.एस.एस. शिबिरात दत्तक गावातल्या शाळेत पाचवीचा चित्रकलेचा तास आम्हा चौघींकडे होता. आम्ही 'टनेल बुक' करायचं ठरवलं. एकाच मापाचे पाच कागद घ्यायचे. पहिल्या चारांना मधोमध खिडकी कापायची आणि तिच्या कडेने झाडं, घरं, माणसं ठेवायची. पाचवा कागद अखंड, त्यावर डोंगर नि आकाश. दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या घड्यांच्या पट्ट्या लावून एकेका घडीत एकेक कागद चिकटवायचा. पुढून डोकावलं की आत चक्क खोल देखावा दिसतो!

सिव्हिलवाल्यांनो, याचं तुमच्याशी नातं आहे बरं का. लंडनमध्ये थेम्स नदीखालून मार्क ब्रुनेल यांनी बोगदा खणला. १८२५ साली सुरू झालेलं काम संपून १८४३ साली तो लोकांना चालण्यासाठी खुला झाला. तेव्हा तो पाहायला येणारे आठवण म्हणून अशीच कागदी पुस्तकं विकत घेत. 'टनेल बुक' हे नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात.

असो. पहिल्या दिवशी आम्ही शहाणपणा केला. मुलांना कात्री लागेल, वेळ जाईल, म्हणून रात्री जागून पस्तीस मुलांचे सगळे कागद आम्हीच कापले. मुलांनी फक्त चिकटवले. अर्ध्या तासात पस्तीस पुस्तकं तयार, सगळी एकसारखी. फोटो झकास आले. पण घंटा झाल्यावर निम्मी पुस्तकं बाकांवरच पडलेली!

दुसऱ्या दिवशी जुन्या लग्नपत्रिका आणि सहा कात्र्या घेऊन गेलो. नुसता गोंधळ! एकाने खिडकी एवढी मोठी कापली की कागदच फाटला. एका मुलीने अगदी पुढे म्हैस लावली, इतकी मोठी की मागचं काहीच दिसेना. मी 'म्हैस छोटी कर' म्हणणार, तेवढ्यात तिने स्वतःच डोकावून पाहिलं आणि म्हशीच्या पोटाखालचा कागद कापून टाकला. "ताई, आता घर दिसतंय बघा!" चार पायांमधून खरंच तिचं घर दिसत होतं. त्या दिवशी बाकावर एकही पुस्तक राहिलं नाही.

आता आपल्याकडे या. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीट्स आपण कशा काढल्या? खाली दिवा, वर काच, काचेवर सीनियरची शीट. जीटी झिंदाबाद! मीही मारली. सगळ्या शीट्सवर सह्या मिळाल्या आणि परीक्षेत सेक्शनल व्ह्यू आल्यावर हात थांबला. वस्तू कापल्यावर मागचं काय दिसेल, हा विचार मी कधी केलाच नव्हता. केटी लागली. पाचवीतल्या मुलीने तोच प्रश्न कात्रीने पाच मिनिटांत सोडवला.

म्हणूनच गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी या मुलांकडून तयार कापलेल्या किट्सची पुस्तकं करून घ्यायची, ही टूम मला पटत नाही. पाहुण्यांसमोर नीटनेटकं दिसेल, कबूल. पण ते काम किट छापणाऱ्याचं असेल, मुलांचं नाही. मुलांना इजा होण्याची भीती खरी आहे, तर बोथट टोकाच्या कात्र्या घ्या, पाचजणांत एक. वेळ कमी पडतो? एका तासाला एकच कागद करा. पस्तीसऐवजी सातच पुस्तकं होतील, वाकडीतिकडी होतील. होऊ देत.

प्रोग्रॅम ऑफिसर सरांना विनंती, किट्सच्या पैशात कात्र्या घेऊन त्या शाळेतच ठेवूया. शिबिर संपलं तरी त्या तिथे राहतील.

आणि ज्युनिअर्सनो, जीटीसाठी शीट मागायला माझ्या रूमवर येऊ नका. कात्री आणि जुन्या पत्रिका हव्या असतील तर जरूर या!