पायऱ्या कुणाच्या?



शंभराची जांभळी नोट खिशातून काढा. उलटी करा. पाटणची 'रानी की वाव' दिसेल. अकराव्या शतकातली, राणी उदयमतीची. २०१४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा ठरवलं, २०१८ साली ती नोटेवर आली. आता सगळ्यांच्या खिशात फिरते. ज्यांच्या आजीला अशा पायरीवर कधी पाय ठेवता आला नाही, त्यांच्याही.

परवा रविवारी मी नालासोपाऱ्याहून वसईच्या एका वाडीत गेलो. बावखल साफ करायला पोरं जमली होती. बावखल म्हणजे वसईचं जुनं, उथळ तळं. पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवणारं, रहाटानं बागा भिजवणारं, समुद्राचा खार विहिरीत शिरू न देणारं. कितीतरी बावखलं बुजली, वर इमारती उभ्या राहिल्या. म्हणून काम चांगलंच होतं. मीही घमेलं उचललं. मग एक गृहस्थ भाषणाला उभे राहिले. बावखलावरून गाडी महाराष्ट्रातल्या बारवांवर गेली. दगडी पायऱ्या, कोरीव कोनाडे, भर उन्हातला गारवा. म्हणाले, "हा आपल्या पूर्वजांचा वारसा!"

माझं घमेलं तिथंच थांबलं. आपल्या म्हणजे कुणाच्या?

माझी आजी सातारकडची. ती सांगायची, "बारव म्या वरनंच बघितली, लेकरा. आत उतरले न्हाई कदी." घागर घेऊन बाजूला बसायची. वरच्या जातीच्या एखाद्या बाईला दया आली, तिनं लांबून पाणी ओतलं, तर घागर भरायची. नाही आली तर रिकामी घागर घेऊन घरी.

आता बारवेची करामत समजून घ्या. आडाला दोर लागतो, बारवेला नुसते पाय. पावसाळ्यात पाणी वर असतं, वैशाखात चार-पाच पुरुष खाली जातं. पाणी उतरेल तसा माणूस पायऱ्या उतरतो आणि ओंजळ भरतो. ज्याच्याकडे दोर नाही, पोहरा नाही, त्याचीही तहान भागावी अशी ही वास्तू. पण नेमकं इथंच हात थेट पाण्याला लागतो. म्हणूनच जातीला या पायऱ्यांचं भय वाटलं.

साताऱ्याजवळ लिंबला शाहूकाळातली बारा मोटांची विहीर आहे. एका वेळी बारा मोटा चालतील अशी बांधलेली. मोट कशाची असायची? कातड्याची! मेलेलं जनावर ओढलं महारानं, कातडं कमावलं ढोरानं, शिवलं चांभारानं. ते कातडं दिवसभर पाण्यात बुडायचं, पाणी बाटत नव्हतं. कातडं कमावणारा हात बुडाला की बाटायचं. हा साला कुठला हिशोब?

आमच्या सोपाऱ्याला हा हिशोब मान्य नव्हता. इथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. त्याच साली इथं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, १९५६ साली भुईगावला नवव्याचा. चौदा लेखांच्या या मालिकेतला दुसरा लेख सांगतो, रस्त्यांवर विहिरी खणल्या, जनावरांसाठी आणि माणसांसाठी. ही बावीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जनावरं पाणी पीत होती, आपली माणसं नाही! २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तर शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला दहा वर्षं!

१९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेला मनोरा म्हटलं. बारव म्हणजे तोच मनोरा जमिनीत उलटा गाडलेला. इथं पायऱ्या होत्या. आपल्यासाठी नव्हत्या.

मग काय, बारवा बुजवायच्या? मुळीच नाही. त्या दगडावर वडाराचा घाम आहे, त्या मोटेत आपलं कातडं आहे. आपलंच आपण कशाला गाडायचं? आणि पाणी बुजलं की मरतो कोण? माझ्या चाळीत टँकर येतो तेव्हा ड्रमची रांग लागते. रांगेत उभ्या असतात त्या आपल्याच आया-बहिणी. बावखल वाचवणं ही शौकिनांची हौस नाही, आपल्या घशाचा प्रश्न आहे.

मागणी साधी आहे. बारवेवर फलक लावताय ना? राजा-राणीच्या नावाखाली दोन ओळी लिहा. ही कुणी खणली, आणि इथं कुणाला उतरू दिलं नाही. आणि तुम्ही पोरांनो, आज घरी जाऊन आजीला विचारा, पाणी कुठून आणायचीस, कोण ओतायचं? तिच्याच बोलीत लिहून आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू. ती म्हातारी माणसं गेली की साक्ष गेली.

हे सगळं मी तिथंच बोललो. गृहस्थ गप्प झाले. गाळानं माखलेल्या एका पोरानं विचारलं, "दादा, त्या दोन ओळी लिहिणार कोण?"

आपणच, दुसरं कोण?

जय भीम!