‘मी स्वतःला उठवतो’ : उसन्या व्याकरणाविषयी थोडेसे

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात परकीय भाषा शिकणे ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. माद्रिदच्या गेस्टाम्पचा कारखाना चाकणला आहे. बिल्बाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हने २०१३ साली महिंद्रांच्या सुट्या भागांच्या उद्योगात प्रवेश केला आणि २०२३ पासून ती कंपनी सीआयई याच नावाने चालते. आकुर्डीच्या बजाजची दुचाकी कोलंबिया-मेक्सिकोच्या रस्त्यांवर धावते. तेव्हा डिप्लोमा झालेला, खेड किंवा जुन्नर तालुक्यातून आलेला एखादा मराठी माध्यमाचा मुलगा दुसरी पाळी संपवून स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसला, तर त्यात नवल नाही. नवल आहे ते तेथे त्याच्या पदरात काय पडते याचे.

पहिले काही आठवडे बरे जातात. मग येतात ती ‘से’ लागणारी क्रियापदे, म्हणजे ज्यांना आत्मवाचक म्हणतात ती. ‘लेबान्तार्से’ म्हणजे उठणे. ‘मे लेबान्तो’ म्हणजे ‘मी उठतो’. पण आमच्या पाहण्यात आलेल्या वर्गांतून याचा उलगडा असा होतो : आधी इंग्रजीत ‘आय गेट मायसेल्फ अप’, आणि कुणाला ते कळले नाही तर त्याचे मराठी, ‘मी स्वतःला उठवतो’. वाचकहो, मराठीत असे वाक्य आजवर कोणी उच्चारले आहे काय? सकाळी सहाच्या पाळीला जाणारा माणूस उठतो. तो स्वतःला उठवत नाही. स्वतःला उठवायला माणसे दोन लागतात.

मुद्दा विनोदाचा नाही. या एका वाक्यामुळे शिकणाऱ्याची अशी समजूत होते की स्पॅनिश ही विचित्र लोकांची विचित्र भाषा आहे, आणि ती कळण्यासाठी आधी आपले इंग्रजी पक्के हवे. पहिली समजूत चुकीची आहे आणि दुसरी अपायकारक.

प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. मराठीत थांबणे-थांबवणे, तापणे-तापवणे, वाकणे-वाकवणे, तुटणे-तोडणे अशा जोड्यांची रास पडली आहे. एक क्रिया आपोआप घडणारी, दुसरी कोणीतरी घडवून आणलेली. स्पॅनिशमध्ये नेमके हेच आहे : ‘पारार’ म्हणजे थांबवणे, ‘पारार्से’ म्हणजे थांबणे; ‘कालेन्तार’ म्हणजे तापवणे, ‘कालेन्तार्से’ म्हणजे तापणे; ‘रोम्पेर’ म्हणजे तोडणे, ‘रोम्पेर्से’ म्हणजे तुटणे. फरक एवढाच की आपण साध्या ‘थांब’ला ‘व’ जोडून थांबवतो आणि ते साध्या ‘पारार’ला ‘से’ जोडून थांबतात. गाठ तीच, फक्त उलट बाजूने मारलेली. ‘उठणे-उठवणे’ माहीत असलेल्याला ‘लेबान्तार्से-लेबान्तार’ समजायला पाच मिनिटे पुरावीत.

आता इंग्रजीकडे पाहा. मशीन ‘स्टॉप’ होते आणि कामगार मशीन ‘स्टॉप’ करतो, दोन्हींना शब्द एकच. ‘ब्रेक’चे तेच, ‘हीट’चे तेच. जो भेद मराठीने आणि स्पॅनिशने जपला आहे, तो या शब्दांत इंग्रजीने पुसून टाकला आहे. म्हणजे नेमका हा विषय समजावून देण्यासाठी आम्ही ती भाषा निवडतो, जिच्यात तो दिसतच नाही! डोळस माणसाला रस्ता दाखवायला त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, तसला हा प्रकार.

उदाहरणे आणखी आहेत. ‘देस्पेर्तार’ आणि ‘देस्पेर्तार्से’ म्हणजे जागे करणे आणि जागे होणे. ‘बान्यार’ आणि ‘बान्यार्से’ म्हणजे अंघोळ घालणे आणि अंघोळ करणे. ‘ईर’ म्हणजे जाणे, पण ‘ईर्से’ म्हणजे निघून जाणे. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे, ‘दोर्मीर्से’ म्हणजे झोप लागणे. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, पण ‘से लो कोमियो तोदो’ म्हणजे त्याने सगळे खाऊन टाकले. ‘निघून’, ‘लागणे’, ‘टाकणे’ या सहायकांनी मराठी जी छटा आणते, तीच तेथे इवलासा ‘से’ आणतो. ‘मी हात धुतो’ असे आपण म्हणतो. हात कोणाचे ते सांगत बसत नाही. स्पॅनिश माणूसही ‘माझे हात’ म्हणत नाही, ‘मे’ लावतो आणि ‘लास मानोस’ म्हणून मोकळा होतो. ‘माझे’ हवे असते ते इंग्रजीला. चिंचवडच्या भिंतीवर ‘विकणे आहे’ अशी पाटी असते. कोण विकतो याचा पत्ता नाही आणि कुणाला तो लागतही नाही. स्पेनमधल्या भिंतीवर ‘से बेंदे’ असते. ‘असे म्हणतात की’ याला ते ‘से दीसे के’ म्हणतात.

आणि कारखान्यात ज्याची रोज गरज पडते ते वाक्य : ‘माझ्या हातून पडले’. यात कबुली आहे, पण ‘मी पाडले’ हा गुन्हा नाही. स्पॅनिशमध्ये ‘से मे कायो’. हा बारकावा मराठी कामगाराच्या जिभेवर जन्मापासून आहे. त्याला इंग्रजीच्या चरकातून पिळून काढल्यावर ‘आय ड्रॉप्ड इट’ एवढाच चोथा उरतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की वर्गात सगळेच मराठी नसतात. मान्य. या पट्ट्यात सारा देश कामाला आला आहे. पण हिंदीत ‘रुकना-रोकना’, ‘टूटना-तोड़ना’ आहे, आणि गुजरातीतही तसेच. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी जी सोय आहे ती सोडून कोणाच्याच घरी नसलेली भाषा मध्यस्थ करणे, याला समान न्याय म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप असा की परकीय भाषा थेट त्याच भाषेतून शिकवावी, मध्ये कोणतीच नको. तत्त्व उत्तम आहे, परंतु पंचविशीतल्या माणसाचे डोके रिकाम्या पाटीसारखे नसते. तो मनात तुलना करणारच. ती कशाशी करायची, एवढेच शिक्षकाच्या हाती असते.

मराठीने सगळे सुटते असा आमचा दावा नाही. ‘मे, ते, से, नोस, ओस, से’ ही माळ घोकावीच लागते, कारण आपले ‘आपण’ पुरुषागणिक बदलत नाही. आपण ‘दाढी करतो’ आणि न्हावीही ‘दाढी करतो’; स्पॅनिश तेथे भेद करते, मराठी करत नाही. शिक्षकाची खरी गरज अशा जागी आहे. त्याने आपला वेळ तेथे घालवावा, ‘स्वतःला उठवण्यात’ नव्हे.

या मागणीत नवे काही नाही. थॉमस स्टीफन्सने कोकणीचे व्याकरण लिहिले ते पोर्तुगीजमध्ये, आणि ते १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. १७७८ साली रोममध्ये मराठीचे व्याकरण छापले गेले, तेही पोर्तुगीजमध्येच. मिशनऱ्यांना आपली भाषा शिकायची होती आणि त्यांनी ती स्वतःच्या ओळखीच्या भाषेच्या आधाराने शिकण्याची सोय केली. फार कशाला, खुद्द इंग्रजी आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढ्या शिकल्या त्या तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वरून, म्हणजे मराठीतून. संस्कृत व्याकरणाने परस्मैपद आणि आत्मनेपद असा भेद केला. क्रियेचे फळ दुसऱ्याकडे जाते की कर्त्याकडे येते, या प्रश्नाला तेथे नाव आहे. दहावीला गुणांसाठी संस्कृत घेतलेल्या मुलालाही हे शब्द ठाऊक असतात. स्पॅनिशचा ‘से’ म्हणजे आत्मनेपद नव्हे, परंतु तो प्रश्न त्याला परका नाही.

हे सारे हाताशी असताना मराठी माध्यमाचा मुलगा वर्गातून गळतो, तेव्हा ‘त्याचे इंग्रजी कच्चे होते’ असा शेरा मारला जातो. स्पॅनिशच्या वर्गात तो नापास झाला इंग्रजीत. फी मात्र त्याने स्पॅनिशची भरली होती. त्याची जागा मग ज्याला ‘मायसेल्फ’ कळते त्याला मिळते, आणि भाषेची ‘जन्मजात आवड’ कोणाला असते यावर व्याख्याने झडतात. असो.

आमचे मागणे लहान आहे. या पट्ट्यात स्पॅनिश शिकवणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावर दोन रकाने आखावेत : एकात ‘थांबणे’, दुसऱ्यात ‘थांबवणे’. पुढचे त्या मुलाला येते. त्याने दिवसभर दुसरे काय केलेले असते?